‘तू जा, आईला मी बघतो’ : तीन भावंडांचं एक प्रकरण

समुपदेशनासाठी आलेल्या अर्जावर तक्रार दोनच ओळींची होती. धाकटा भाऊ दीड-दोन महिने घरात कुणाशी नीट बोलत नाही, कामावर जायची टाळाटाळ करतो, बहिणीने वाढलेलं ताट बाजूला सारतो. खाली बहिणीने स्वतःच्या अक्षरात जोडलं होतं, ‘तो असा कधीच नव्हता.’

घरात चार माणसं. थोरली बहीण ३९ वर्षांची, मधला भाऊ ३६ चा, धाकटा ३१ चा. धाकट्याला डाउन सिंड्रोम आहे. वडील काही वर्षांपूर्वी गेले. आई सत्तरीच्या पुढच्या, गुडघ्यांनी आणि रक्तदाबाने बेजार. थोरली आणि धाकटा आईजवळ राहतात, मधला नोकरीमुळे दुसऱ्या शहरात. धाकटा एका ग्रंथालयात परत आलेली पुस्तकं जागच्या जागी लावण्याचं काम करतो आणि ते चोख करतो. (हे कुण्या एका घराचं वर्णन नाही. अशा घरांमधून वारंवार दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून हे प्रकरण मांडलं आहे, म्हणजे कुणाची ओळख उघडी पडत नाही आणि गुंता मात्र खरा राहतो.)

आधी शरीर

डाउन सिंड्रोम असलेल्या प्रौढ माणसाचं वागणं अचानक बदललं, तर मनाकडे जाण्याआधी शरीर तपासायचं, यात तडजोड नाही. एकविसाव्या गुणसूत्राची एक जादा प्रत हे डाउन सिंड्रोमचं कारण १९५९ साली समोर आलं. त्या जादा प्रतीचा परिणाम फक्त बुद्धीवर होत नाही. थायरॉइडचं काम मंदावणं, ऐकू कमी येणं, झोपेत श्वास अडकणं हे सगळं या लोकांमध्ये इतरांपेक्षा बरंच जास्त आढळतं, आणि यातल्या प्रत्येकाने माणूस गप्प, चिडका, सुस्त होऊ शकतो. ‘यांचं असंच असतं’ म्हणून सोडून दिल्यामुळे साधे, औषधाने बरे होणारे आजार वर्षानुवर्षं अंगावर काढले जातात. त्याचं मला फार वाईट वाटतं, म्हणून हे आधी लिहिलं.

धाकट्याच्या कानात मळ साचलेला निघाला, तो काढला. थायरॉइड ठीक होतं, झोपही ठीक. मग प्रश्न दुसरीकडे होता.

धागा आईंकडून मिळाला. रात्री तो खोलीत एकटाच बोलत असतो, हे त्यांनी भीतभीत सांगितलं. वेड लागलं की काय, असं त्यांना वाटत होतं. डाउन सिंड्रोम असलेले अनेक प्रौढ दिवसभरात घडलेलं मोठ्याने स्वतःशी बोलून लावून घेतात. ती त्यांची विचार करायची रीत आहे, आजार नव्हे. तो काय बोलतो, हे मी विचारलं. आई जरा थांबून म्हणाल्या, “‘माझ्यामुळे नाही, माझ्यामुळे नाही’ असं काहीतरी.”

काय घडलं होतं

थोरलीला तिच्या कंपनीने दुसऱ्या शहरात मोठी जबाबदारी देऊ केली होती. तिने दुसऱ्याच दिवशी नकार कळवला. घरी आईला सांगितलं. मग फोनवर एका मैत्रिणीला सांगितलं, एका मामांना सांगितलं, आणि प्रत्येक वेळी वाक्य तेच होतं: “याला टाकून कशी जाऊ?” ऐकणारा प्रत्येक जण म्हणाला, धन्य आहे तुझी. हे सगळं बोलणं धाकटा शेजारच्या खोलीत असताना झालं. त्याला कळणार नाही, असं सर्वांनी गृहीत धरलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. डाउन सिंड्रोममध्ये बोलण्याची क्षमता आणि समजण्याची क्षमता सारखी नसते. समज बहुतेक वेळा उच्चारांच्या आणि वाक्यांच्या पुष्कळ पुढे असते. माणूस तीन शब्दांत उत्तर देतो म्हणून त्याला तीन शब्दांएवढंच कळतं, असं नाही. धाकट्याला सगळं कळलं होतं. ताईला मोठं काम मिळालं, ताईने ते सोडलं, आणि त्याचं कारण आपण आहोत.

त्याच्याशी बोलताना मी चित्रं वापरली, कारण ऐकलेलं लक्षात ठेवण्यापेक्षा पाहिलेलं लक्षात ठेवणं या लोकांना सहसा सोपं जातं. घर, ताई, आई, बॅग, आगगाडी अशी साधी चित्रं. त्याने बॅगेचं चित्र उचलून ताईच्या चित्राशेजारी ठेवलं. मग स्वतःचा फोटो आईच्या फोटोशेजारी. बराच वेळ गेला. नंतर म्हणाला, “ताईने मला विचारलंच नाही.” आणि थोड्या वेळाने, “मी सांगितलं असतं, तू जा. आईला मी बघतो.”

म्हणजे राग नकारावर नव्हता. आपल्या नावाने दिलेल्या नकारावर होता.

थोरलीची बाजू

ती उलगडायला सर्वांत जास्त वेळ लागला, आणि या प्रकरणाचा गाभा तिथेच आहे.

थोरली आठ वर्षांची असताना धाकटा जन्मला. त्याच्या हृदयात जन्मतः दोष होता. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ निम्म्या बाळांमध्ये तो असतो. आई-वडिलांचे पहिले महिने दवाखान्यात गेले. त्या दिवसांत तिला जे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकू आलं ते असं: “तू मोठी आहेस ना, समजून घे.” तिने समजून घेतलं. त्याला वाचायला तिने शिकवलं, अक्षर-अक्षर, बोट धरून. वर्गातल्या कुणी त्याची नक्कल केली, तर ही भिडली. ग्रंथालयातली नोकरीही तिच्याच खटपटीने मिळाली. तो पहिल्या दिवशी कामावर गेला तेव्हा ती रस्त्याच्या पलीकडे उभी राहून रडली, हे तिने मला हसतहसत सांगितलं. तो अभिमान अस्सल आहे. त्यात खोट काढायचा मला अधिकार नाही, आणि इच्छाही नाही.

पण त्याच अभिमानाला चिकटून दुसरा एक अभिमान वाढला होता: माझ्याशिवाय याचं चालत नाही. या दुसऱ्याला लोक खतपाणी घालतात. नातलग, शेजारी, सहकारी सगळे थोरलीचं कौतुक करतात, आणि ते कौतुक नेहमी तिच्या त्यागाचं असतं. तिच्या कामातल्या हुशारीचं कुणी बोलत नाही. बालपणी जिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, तिला लक्ष मिळवून देणारी ही एकच जागा होती. ती जागा सोडणं म्हणजे नुसतं ओझं उतरवणं नव्हतं. घरातलं स्थान सोडणं होतं. मी तिला विचारलं, उद्या धाकट्याला तुमची गरज निम्मी झाली, तर काय वाटेल? ती पटकन म्हणाली, “आनंद.” मग गप्प झाली. मग म्हणाली, “भीती पण.”

मुलाने घरात आई-बापाची भूमिका घेणं यावर कुटुंबचिकित्सेत १९७० च्या दशकापासून भरपूर लिहिलं गेलं आहे. कुटुंबचिकित्सक इव्हान बोसोर्मेनी-नाज यांनी त्यातला महत्त्वाचा मुद्दा मांडला: मुलाने घरासाठी काम करणं आपोआप घातक नसतं. त्या देण्याची घरात न्याय्य दखल घेतली जात नाही, तेव्हा ते घातक होतं. थोरलीला दखल मिळाली, पण फक्त एकाच गोष्टीची. धाकट्याला तर कशाचीच नाही. त्याच्याबद्दल सगळे बोलतात ते त्याला काय द्यावं लागतं याबद्दल. तोही काही देतो, ही शक्यताच कुणाच्या हिशेबात नव्हती.

मधला

मधल्याबद्दल घरात बोललं जातं ते एका सुरात: तो सुटला. पैसे पाठवतो, सणासुदीला येतो, जातो. थोरलीच्या बोलण्यात त्याच्याविषयी कडवटपणा होता आणि तो समजण्यासारखा आहे.

मधला फोनवर भेटला तेव्हा मला वेगळा माणूस दिसला. लहानपणी त्याला सांगितलं गेलं होतं, “तू अभ्यास कर, त्याचं आम्ही बघतो.” धाकट्याची औषधं, डॉक्टरांच्या भेटी, शाळेतल्या बैठका यांची माहिती त्याच्यापर्यंत कधी आलीच नाही. मोठा झाल्यावर त्याने एकदा धाकट्याला आठवडाभर आपल्याकडे न्यायचं ठरवलं, तर थोरलीने सूचनांची एवढी लांबलचक यादी दिली की त्याचं धाडस झालं नाही. “मला त्याच्याबरोबर राहायचंच होतं,” तो म्हणाला, “पण तिथे कुणी आत घेत नाही.” शिवाय एक गोष्ट त्याने आजवर घरी सांगितलेली नव्हती. शाळेत असताना मित्रांसमोर त्याने एकदा धाकट्याला ओळख दिली नव्हती. ती लाज तो अजून बाळगून आहे, आणि दर महिन्याला पाठवलेल्या पैशांत ती थोडीथोडी फेडू पाहतो.

बाहेरून दिसणारं चित्र असं की एक बहीण सगळं करते आणि एक भाऊ पळतो. आतून पाहिलं तर एकीने दार अडवलेलं आहे आणि एकाने ते ठोठावायचं सोडून दिलं आहे. दोघांनाही आपापल्या जागा धाकट्याच्या तान्हेपणीच्या त्या धावपळीत मिळाल्या, कुणी निवडल्या नाहीत.

एका आठवड्याची नोंद

सल्ला देण्याआधी मी घराला एक काम दिलं. आठवडाभर घरात कोण कुणासाठी काय करतं, ते भिंतीवरच्या तक्त्यावर लावायचं. प्रत्येकाचा रकाना, प्रत्येक कामाचं चित्र. धाकटा स्वतः चित्रं चिकटवणार होता.

आठवड्याअखेरीस थोरलीचा रकाना अपेक्षेप्रमाणे भरलेला होता. धाकट्याचा रकानाही भरलेला होता. आईच्या गोळ्या रोज रात्री डबीच्या खणांत तो भरतो. गोळ्यांचे रंग आणि आकार त्याला पाठ आहेत. आईचा बाथरूममधला दिवा तो लावून ठेवतो. जिना चढताना तो त्यांच्या मागे एक पायरी ठेवून चालतो. कचरा, पाणी, दाराची कडी त्याच्याकडे. थोरली उशिरा आली तर तो जागा असतो. आई सगळ्या खुणांकडे बघत म्हणाल्या, “हे तर तो नेहमीच करतो.” थोरली काही बोलली नाही. गोळ्यांचं काम आईच करतात, असा तिचा वर्षानुवर्षांचा समज होता.

धाकट्याने मात्र बोट ठेवून एकेक चित्र वाचून दाखवलं. त्या दिवशी तो तिच्याशी पहिल्यांदा मोकळं बोलला.

अभ्यास काय सांगतात, आणि काय सांगत नाहीत

अमेरिकेतले डॉक्टर ब्रायन स्कॉटको यांच्या स्वतःच्या बहिणीला डाउन सिंड्रोम आहे. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०११ साली ८२२ भावंडांची पाहणी प्रसिद्ध केली. मोठ्या वयाच्या भावंडांपैकी ९४ टक्क्यांनी आपल्या भावा-बहिणीचा अभिमान वाटतो असं सांगितलं, आणि नव्वद टक्क्यांहून अधिक जणांनी पुढेही त्यांच्या आयुष्यात सहभागी राहायचा बेत सांगितला. ही कुटुंबं संस्थांशी जोडलेली होती, आधार असलेली होती, हे लक्षात ठेवून आकडे वाचावेत. तरीही अशा घरातलं मूल दुःखातच वाढतं, हा समज त्यांनी मोडला.

मला जास्त मोलाची वाटते ती त्याच गटाची त्याच वर्षीची दुसरी पाहणी. तिच्यात डाउन सिंड्रोम असलेल्या २८४ जणांना थेट विचारलं होतं, आणि ९७ टक्क्यांनी आपली भावंडं आपल्याला आवडतात असं सांगितलं. प्रेम दोन्ही बाजूंनी आहे. जबाबदारीही दोन्ही बाजूंनी असू शकते, हा प्रश्न अशा पाहण्यांतून विचारला जात नाही. तो घरात विचारावा लागतो.

आणखी एक आकडा या भावंडांच्या पिढीला समजून घ्यायला हवा. अमेरिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या माणसाचं सरासरी आयुर्मान १९८३ साली सुमारे २५ वर्षं होतं. आज ते ६० च्या आसपास आहे. हृदयाच्या शस्त्रक्रिया आणि संस्थांमध्ये कोंडून ठेवणं थांबणं, ही त्याची मोठी कारणं. म्हणजे ‘आमच्यामागे याचं कसं’ हा प्रश्न आताच्या आई-बापांपुढे ज्या प्रमाणात उभा आहे, तसा तो आधी कधी नव्हता. थोरलीसमोर गिरवायला कित्ता नाही. तिचा गोंधळ हा तिच्या स्वभावाचा दोष नाही.

कित्ता नाही म्हटलं, पण एक उदाहरण मी तिला सांगितलं. जुडिथ आणि जॉयस स्कॉट या जुळ्या बहिणी १९४३ साली अमेरिकेत जन्मल्या. जुडिथला डाउन सिंड्रोम होता, आणि ती बहिरी होती हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सातव्या वर्षी तिला संस्थेत टाकलं. पस्तीस वर्षांनी जॉयसने तिचं पालकत्व घेऊन तिला घरी आणलं आणि ओकलंडमधल्या अपंग कलावंतांच्या कलाकेंद्रात नेलं. जवळजवळ दोन वर्षं जुडिथने तिथे विशेष काही केलं नाही. मग धागे हाती आले, आणि वस्तूंभोवती सूत, लोकर गुंडाळत तिने जी शिल्पं घडवली ती आज जगातल्या मोठ्या संग्रहालयांत आहेत. थोरलीला मी यातली एकच गोष्ट दाखवली: जॉयसने बहिणीला कलाकेंद्राच्या दारापर्यंत नेलं. आत काय करायचं, ते जुडिथने ठरवलं.

पुढे काय केलं

पहिलं पाऊल थोरलीचं होतं. तिने धाकट्याला सांगितलं की मी तुला विचारायला हवं होतं. त्याने लगेच माफ केलं नाही. दोन दिवस घेतले. ते बरंच झालं. माफ करायला वेळ घेणं हाही प्रौढ माणसाचा हक्क आहे.

मधल्याला माहिती मिळाली: डॉक्टरांची फाइल, ग्रंथालयातल्या वरिष्ठांचा नंबर, औषधांची यादी. थोरलीने सूचनांची यादी द्यायची नाही, धाकट्याने स्वतः दादाला आपली दिनचर्या सांगायची, असं ठरलं. त्या दोघांचा दर रविवारचा फोन सुरू झाला. शाळेतली ती गोष्ट मधल्याने त्याला सांगितली का, ते मी विचारलेलं नाही.

मग थोरलीने तीन दिवस बाहेरगावी जाऊन यायचं ठरलं. दुसऱ्याच दिवशी धाकटा किल्ली आत विसरून बाहेर अडकला, आईंना कडी काढायला उठता येईना. त्याने फोनमधल्या फोटोंवरून दादाला फोन लावला, दादाने शेजाऱ्यांना लावला, अर्ध्या तासात दार उघडलं. थोरली परत आली ती ‘आता हे बंद’ म्हणतच.

तिच्याशी मी बराच वेळ बोलले. अपंगांच्या हक्कांसाठी लिहिणारे अमेरिकन लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी १९७२ साली मांडलेला विचार माझ्या कामाचा पाया आहे: बौद्धिक अक्षमता असलेल्या माणसाला प्रत्येक धोक्यापासून वाचवणं म्हणजे त्याचा मान काढून घेणं, धोका पत्करता येणं हाही प्रतिष्ठेचा भाग आहे. किल्ली कुणीही विसरतं. धाकट्याने त्यातून मार्ग काढला. तिला मात्र त्यात फक्त अडकलेला भाऊ दिसत होता. तिने हे मान्य केलं असं मी म्हणणार नाही. तिने एवढंच केलं की जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवली आणि पुढच्या महिन्यात पुन्हा गेली.

मूळ संधी तोवर दुसऱ्याला मिळाली होती. तिने कंपनीत स्वतः जाऊन विचारलं, तेव्हा सहा महिन्यांचं एक काम मिळालं. ती सध्या तिथे आहे. धाकटा कामावर नियमित जातो. पगाराचं खातं थोरली बघत असे. आता महिन्याची काही ठरावीक रक्कम तो स्वतः काढतो आणि खर्चाचं कुणाला सांगत नाही. आईंना हे अजिबात आवडलेलं नाही.

जे सुटलेलं नाही

आईंची इच्छा आहे की आपल्या डोळ्यांदेखत धाकट्याचं कायमचं पालकत्व थोरलीच्या नावावर व्हावं. त्यामागची काळजी खरी आहे. पण संयुक्त राष्ट्रांनी २००६ साली स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराचं बारावं कलम सांगतं की अपंग व्यक्तीला कायद्यापुढे इतरांच्या बरोबरीनेच क्षमता आहे, आणि निर्णय घ्यायला लागेल ती मदत तिला मिळायला हवी. त्याच्याऐवजी निर्णय घेणं आणि त्याला निर्णय घ्यायला मदत करणं यांत फार अंतर आहे. कायदे देशोदेशी वेगळे असल्याने कागदावर नेमकं काय होईल, ते वकिलाशी बोलून ठरेल. माझं मत मी कुटुंबाला स्पष्ट सांगितलं आहे: सगळे निर्णय एका बहिणीच्या सहीवर टाकणं तिच्यासाठीही अन्याय आहे आणि त्याच्यासाठीही. पैसा, आरोग्य आणि राहणं यांसाठी वेगवेगळी माणसं त्याच्या पाठीशी हवीत, आणि ती कोण, हे त्याने सांगावं.

दुसरा प्रश्न प्रकृतीचा. अल्झायमरशी निगडित एका प्रथिनाचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावरच असल्यामुळे डाउन सिंड्रोममध्ये विस्मरणाचा आजार लवकर, पुष्कळदा पन्नाशीच्या आसपास, सुरू होतो. धाकटा आज काय काय करू शकतो, याची नोंद आत्ताच करून ठेवली तर पुढे घसरण वेळीच ओळखता येईल. हे काम मधल्याने आपणहून मागून घेतलं.

तिसरा प्रश्न धाकट्यानेच काढला. ग्रंथालयातल्या एका मित्राबरोबर, मदतनीस असलेल्या घरात राहायचं त्याच्या मनात आहे. आत्ता नाही, “आई असेपर्यंत नाही,” असं तो म्हणतो. थोरलीला हे पटत नाही, मधल्याला पटतं, आईंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पुढची बैठक याच विषयावर आहे, थोरली त्या शहरातून फोनवर बसणार आहे.